खुडूक कोंबडी बसवण्याआधी आणि बसवल्यावर

भात झोडून झालं, अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी उभी राहिली, की आठ-पंधरा दिवसांत आमच्या खुराड्यातली एक तरी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसू बघते. अंडं घालायला म्हणून टोपलीत बसते ती उठायचं नावच घेत नाही. हात जवळ नेला की पिसं फुलवते, घशातून गुरगुरते आणि चोच मारते. घाटावर ‘खुडूक बसली’ म्हणतात, आमच्या कोकणात काही घरांत ‘रवणीला बसली’ असंही म्हणतात.

गेली पंधरा वर्षं मी दरवर्षी चार-पाच कोंबड्या बसवते. काम शिकले सासूबाईंकडून. पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून त्यात भर घातली, आणि एका वहीत प्रत्येक खेपेची नोंद ठेवत गेले: कोणती कोंबडी, किती अंडी, किती दिवसांची, किती पिल्लं. ती वही आज चाळली तर एक गोष्ट ठळक दिसते. कोंबडी क्वचितच चुकते. ज्या खेपा फसल्या, त्यांतल्या बहुतेक कोंबडी बसायच्या आधीच फसल्या होत्या, अंडी ठेवताना. म्हणून या लेखात उबवणीच्या एकवीस दिवसांइतकीच जागा मी त्याआधीच्या आठवड्याला देणार आहे.

कोंबडी खरंच खुडूक झाली आहे का?

खुडूक होणं हा आजार नाही. दिवस पुरेसे झाले, टोपलीत अंडी साठली, की तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. अंडी घालणं थांबतं, भूक कमी होते, पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते. त्या उघड्या कातडीखाली रक्त जास्त खेळतं आणि अंड्याला थेट ऊब मिळते. गावठी कोंबडी साधारण पंधरा-वीस अंडी घालून खुडूक होते.

पण एक दुपार टोपलीत बसून राहिली म्हणून लगेच अंडी खाली सरकवू नका. दोन रात्री बघा. अंधार पडल्यावर बाकीच्या कोंबड्या दांडीवर चढतात आणि ही टोपलीतच राहते, ही पहिली खूण. दिवसातून एकदाच खाली उतरते, घाईघाईने चार दाणे टिपते, पिसं फुगवून ‘खुड खुड’ करत फिरते आणि परत जाते, ही दुसरी. तिसरी खूण तिची विष्ठा. एरवीपेक्षा तिप्पट मोठी आणि फार घाण वास येणारी, कारण दिवसभराचं ती एकदमच बाहेर टाकते. या दोन दिवसांत तिच्या खाली दोन-तीन खाण्याची अंडी ठेवावीत, म्हणजे तिचा निश्चय टिकतो आणि चांगली अंडी वाया जात नाहीत.

सगळ्या जाती बसत नाहीत. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जास्त अंड्यांच्या जातींमधून खुडूकपणा पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकलेला आहे. वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित कोंबड्याही क्वचितच बसतात. कडकनाथवर मी अवलंबून राहत नाही. ती बसली तरी मध्येच उठून जाण्याचा धोका जास्त. या कोंबड्या पाळणाऱ्यांनीसुद्धा खुराड्यात दोन-तीन साध्या गावठी कोंबड्या ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली इतरांची अंडी घालावीत. असील चांगली बसते, पण अंगाने जड असल्यामुळे तिच्या पायाखाली अंडी फुटतात. तिला कमी अंडी द्यावीत.

तलंग, म्हणजे नुकती अंडी घालू लागलेली तरुण कोंबडी, पहिल्यांदाच खुडूक झाली असेल तर तिला मी बसवत नाही असं नाही, पण सात-आठच अंडी देते. एक-दोन वेळा पिल्लं वाढवलेली, वर्ष-दीड वर्षाची, मध्यम अंगाची कोंबडी सगळ्यात उत्तम. बसवण्याआधी तिला हातात घेऊन पंखांखालची आणि गुदाजवळची पिसं बाजूला करून बघा. उवा किंवा पिसवा दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. एकवीस दिवस एकाच जागी बसणाऱ्या कोंबडीवर त्या भराभर वाढतात, तिचं रक्त पितात, आणि सतराव्या-अठराव्या दिवशी ती वैतागून टोपली सोडते. तोवर पिल्लं अंड्यात पूर्ण झालेली असतात. माझ्याकडे एकदा असंच झालं. त्यानंतर तपासल्याशिवाय मी एकही कोंबडी बसवलेली नाही.

अंडी: इथेच सगळं ठरतं

दुकानातल्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. त्या कोंबड्यांजवळ कोंबडाच नसतो. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरणा, चपळ कोंबडा हवा. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दहा ते चौदा दिवस जिवंत राहतं, त्यामुळे राखणेला, म्हणजे देवाच्या मानाला, कोंबडा कापला गेला तरी पुढच्या आठ-दहा दिवसांतली अंडी बसवायला चालतात. त्यानंतरची धरू नका. उलट, नवा कोंबडा आणला आणि त्याच्याच वाणाची पिल्लं हवी असतील, तर जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबूनच अंडी गोळा करा.

आता साठवण. अंडं बाहेर येतं तेव्हाच त्यात पिल्लाची वाढ सुरू झालेली असते. गार झाल्यावर ती थांबते आणि कोंबडी बसली की पुढे चालू होते. ही थांबलेली अवस्था साधारण २० अंश सेल्सिअसच्या खालीच नीट टिकते. पंधरा-सोळा अंशांना अंडी ठेवली तर उत्तम. उबवणीला लागणारी उष्णता साडेसदतीस अंश. या दोन्हींच्या मधली जी पातळी, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातली तीस-पस्तीस अंशांची खोली, ती फार घातक. तिथे पिल्लू धड झोपत नाही आणि धड वाढत नाही. अर्धवट वाढून मरतं. आपल्याला वाटतं कोंबडीने नीट ऊब दिली नाही. प्रत्यक्षात अंडं टोपलीत जायच्या आधीच मेलेलं असतं.

वहीत मार्च-एप्रिलच्या खेपांपुढे ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा लिहावी लागली. बारा अंड्यांतून चार पिल्लं, बारातून पाच. अंडी पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेली असायची. जागा बदलली आणि तीच कोंबडी, तोच कोंबडा असताना दहा पिल्लं निघाली.

जागा अशी निवडा: घरातला सगळ्यात गार आणि काळोखा कोपरा, शक्यतो मातीच्या जमिनीवर, पाण्याच्या रांजणाशेजारी. उन्हाळ्यात मी मोठ्या परातीत वाळू भरून ती ओली करते, वर मातीचं पसरट मडकं ठेवते, मडक्यात सुती कापडावर अंडी आणि तोंडावर ओलं फडकं. फडकं अंड्यांना टेकू द्यायचं नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे मडकं आमच्या दमट कोकणापेक्षा जास्त गार राहतं. हिवाळ्यात कोपरा पुरतो. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथली थंडी बसवायच्या अंड्यांना सोसत नाही.

किती दिवसांपर्यंतची अंडी घ्यावीत? थंडीत सात दिवस, फार तर दहा. कडक उन्हाळ्यात तीन-चार दिवसच. अंडी टोकदार बाजू खाली करून ठेवा, बोथट बाजूला हवेची पोकळी असते, ती वर राहायला हवी. दिवसातून एकदा कुशीवर कलती करा. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख लिहा, पेन किंवा मार्कर नको.

अंडी धुऊ नका. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. पाण्याने तो निघून जातो. थोडी माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने अलगद पुसा. विष्ठेने माखलेलं अंडं खायला वापरा. निवडताना मध्यम आकाराची, नेहमीच्या घाटाची अंडी घ्या. फार मोठ्या अंड्यात कधी कधी दोन बलक असतात, फार लांबट किंवा गोल अंड्यात पिल्लाला नीट वळता येत नाही. दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवून आवाज ऐका. खणखणीत आला तर ठीक, फुटका आला तर कवचाला बारीक तडा आहे.

बाहेरगावाहून अंडी आणायची असतील तर डब्यात भाताचं तूस किंवा कोंडा घालून त्यात टोक खाली करून रोवा. एसटीचे धक्के खाल्लेली अंडी घरी आल्यावर लगेच कोंबडीखाली घालू नका. एक दिवस गार कोपऱ्यात शांत ठेवा, आतली हवेची पोकळी जागेवर येते.

किती घालायची? गावठी कोंबडीला दहा ते बारा. थंडीत दहावर थांबा. खरी कसोटी अशी की ती बसल्यावर एकही अंडं पिसांबाहेर दिसता कामा नये. अंडी ती सतत आतबाहेर फिरवते, त्यामुळे एक जास्त झालं तर आळीपाळीने सगळीच गार होतात. सासूबाई नेहमी विषम संख्येत ठेवायच्या, नऊ किंवा अकरा, आणि टोपलीच्या तळाशी लोखंडाचा खिळा, कोळसा आणि सुकी मिरची घालायच्या, वीज कडाडली तर अंडी मरू नयेत म्हणून. विजेने अंडी मेलेली मी पाहिलेली नाहीत. खिळा मात्र मी अजून ठेवते, त्यांनी ठेवलेला तोच.

टोपली आणि जागा

खुराड्यात, बाकीच्या कोंबड्यांमध्ये बसवू नका. दुसऱ्या कोंबड्या तिला ढकलून त्याच टोपलीत अंडी घालतात, भांडणात अंडी फुटतात, आणि नंतर घातलेली अंडी मागे राहतात. पडवीचा कोपरा, गोठ्याची शांत बाजू किंवा वापरात नसलेली खोली चांगली. अंधूक उजेड, वाऱ्याचा झोत नाही, पावसाची झड नाही. पत्र्याच्या अगदी खाली नको.

पसरट तोंडाची बांबूची टोपली घ्या, तळ दीड-दोन वितींचा. खूप खोल नको, कारण कोंबडी वरून उडी मारून आत उतरते. तळाला चाळून घेतलेली थंड राख, तिच्यावर दोन बोटं माती, त्यावर मऊ केलेला पेंढा. घाटावर वाळलं गवत चालेल. मूठ दाबून मधोमध बशीसारखा उथळ खोलगा करा. सपाट ठेवलं तर अंडी कडेला घरंगळतात. फार खोल केलं तर एकमेकांवर चढतात. पेंढ्यात निगडीचा किंवा कडुलिंबाचा पाला मिसळा, पिसवा कमी होतात. बुरशी लागलेला, ओलसर वासाचा पेंढा मुळीच घेऊ नका.

टोपली जमिनीवर ठेवायची तर मुंग्यांचा विचार आधी करा. अंड्याला पहिली चीर पडली की लाल मुंग्या वास काढत येतात आणि अर्धवट बाहेर आलेल्या पिल्लाला खातात. चार विटांवर टोपली ठेवून विटांभोवती राखेचं जाड कडं घालते मी, आणि अठराव्या दिवशी ते ताजं करते. मुंगूस, बोका आणि साप यांच्यासाठी रात्री दार बंद, शिवाय वर डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली, पालथं घालून त्यावर दगड. धामण अंडी गिळते आणि ती फटीतून येते, तेव्हा भिंतीतली भोकं बुजवा.

रात्री बसवा

कोंबडीची जागा दिवसा बदलली तर ती घाबरते आणि जुन्या जागी परत जाते. म्हणून अंधार पडल्यावर, घर शांत झाल्यावर, दोन्ही हातांनी तिचे पंख अंगाशी धरून हळूच उचला. उचलण्याआधी पंखाखाली हात घालून बघा, खालची अंडी पंखात अडकलेली असतात आणि वर आल्यावर पडून फुटतात. नव्या टोपलीत आधीच अंडी रचून ठेवलेली असावीत, ती खोलीच्या उबेला आलेली असावीत. तिला टोपलीच्या कडेला ठेवा, स्वतःच्या पायाने आत जाऊ द्या. डालगं घाला, एक दिवस तसंच राहू द्या, आत थोडे दाणे आणि पाणी.

सगळी अंडी एकाच वेळी घाला. आज पाच, परवा चार असं केलं तर पहिली पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उतरते आणि उरलेली अंडी एक-दोन दिवस आधीच गार पडून वाया जातात. प्रत्येक अंड्याला पेन्सिलीने गोल कडं काढा. नंतर कडं नसलेलं अंडं दिसलं तर ते दुसऱ्या कोंबडीचं, लगेच काढा.

दिवस मोजायचा सोपा हिशेब आहे. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस, म्हणजे नेमके तीन आठवडे. रविवारी रात्री बसवली तर तीन आठवड्यांनी रविवारच्या आसपास पिल्लं. मी शक्यतो अशा वारी बसवते की शेवटचे दोन दिवस घरी असेन. बदकाची अंडी कोंबडीखाली घालायची असतील तर साधारण २८ दिवस लागतात, आणि एवढे दिवस टिकून बसणारी अनुभवी कोंबडीच घ्या.

ते तीन आठवडे

आता काम तिचं. ती दिवसातून कितीतरी वेळा अंडी चोचीने उलटते, कडेची मध्ये आणते, मधली कडेला सारते. तुम्ही हात घालायचा नाही.

तुमचं काम खाण्यापाण्याचं. रोज ठरलेल्या वेळी डालगं उचला. साळ, ज्वारी, मका असे अख्खे दाणे द्या. मऊ खाद्याने विष्ठा पातळ होते आणि टोपली घाण होते. स्वच्छ पाणी, आणि जवळच राख व कोरड्या मातीचा छोटा ढीग, त्यात ती लोळून अंगातले किडे झाडते. पंधरा-वीस मिनिटांत ती परत येते. परत आली नाही तरी हाकलू नका, वाट बघा. पण दोन दिवस उतरलीच नाही तर हाताने उचलून खाली ठेवा. काही कोंबड्या इतक्या नेटाने बसतात की उपाशी राहून खंगतात.

एकदा डालगं घालायचं राहिलं आणि कोंबडी बाहेर जाऊन दुसऱ्याच टोपलीत बसली. दुपारी लक्षात आलं, अंडी हाताला गार लागत होती. दहावा दिवस होता. मी ती टाकून देणार होते, सासूबाईंनी थांबवलं. त्या अंड्यांतून सात पिल्लं निघाली, एक दिवस उशिरा. तेव्हा अंडी काही तास उघडी राहिली म्हणून लगेच हार मानू नका. कोंबडी परत बसवा आणि चार दिवसांनी बॅटरीने बघा.

अंडं फुटलं तर त्याच दिवशी सगळा ओला पेंढा बदला. बलक लागलेली दुसरी अंडी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच परत ठेवा. हा धुवू नका या नियमाला एकमेव अपवाद. सुकलेला बलक कवचाची बारीक छिद्रं बुजवतो आणि त्यात जंतूही वाढतात.

बॅटरीने तपासणी

सातव्या-आठव्या रात्री, ती बसलेली असतानाच, एकेक अंडं काढून काळोखात बॅटरीच्या तोंडावर बोथट बाजू टेकवा. बोटांनी कडा झाका, उजेड फक्त अंड्यातून यायला हवा. गावठी अंड्याचं कवच फिकट असतं, सगळं स्वच्छ दिसतं.

एक काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू जिवंत आहे. नीट बघितलं तर ठिपका हलतोही. आरपार पिवळा उजेड, शिरा नाहीत, तर अंडं वांझ. आत लाल कडं किंवा रेघ दिसली आणि शिरा नाहीत, तर पिल्लू सुरुवातीलाच मेलं. शेवटची दोन्ही काढून टाका, कारण आठवडाभर उबेत राहिलेलं मेलेलं अंडं सडतं आणि टोपलीत फुटलं तर बाकीच्यांचा घात करतं. शंका असलेलं अंडं खूण करून ठेवा आणि चौदाव्या रात्री पुन्हा बघा. तेव्हा हवेची पोकळी सोडून बाकी अंडं काळोखं दिसायला हवं. एका खेपेला दोनदाच तपासा, रोज रोज उचलू नका.

एक सूचना जोडीने दोन कोंबड्या बसवणाऱ्यांना: सातव्या दिवशी दोघींची मिळून पाच-सहा अंडी वांझ निघाली तर उरलेली एकीखाली घालता येतात, आणि दुसरीला नवी अंडी देता येतात. त्यासाठीच मी शक्य तेव्हा दोघींना एकाच रात्री बसवते.

अठरा ते एकवीस

अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात नाही. पिल्लू चोच हवेच्या पोकळीकडे करून वळतं. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी आतला पापुद्रा फोडून पहिला श्वास घेतं. टोपलीशी कान नेला तर आतली चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी तिला हळू आवाजात उत्तर देते. हे ऐकण्यासाठी मी अजूनही रात्री दिवा न लावता पडवीत जाऊन बसते.

कोरड्या हवेत, विशेषतः देशावर फेब्रुवारी ते मेमध्ये, या तीन दिवसांत टोपलीभोवतीची जमीन सकाळ-संध्याकाळ शिंपडा. हवेत ओल नसेल तर आतला पापुद्रा चामड्यासारखा होतो आणि पिल्लू अडकतं. अंड्यांवर पाणी मारू नका. कोकणात याची गरज पडत नाही.

चोचीच्या टोकावरच्या छोट्या टणक दाण्याने पिल्लू कवच फोडतं. पहिली चीर दिसल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. इथे धीर सुटतो. पिल्लू थांबलंय असं वाटतं, कवच सोलावंसं वाटतं. सोलू नका. त्या वेळात ते पोटात उरलेला बलक आत ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातलं रक्तही. घाईने सोललं की रक्त येतं आणि पिल्लू मरतं. चोवीस तासांनंतरही चीर पुढे सरकली नाही आणि चिवचिव चालू असेल, तरच कोमट ओल्या बोटाने चिरेजवळचं कवच थोडंसं मोकळं करा. रक्त दिसलं की थांबा, परत कोंबडीखाली ठेवा.

रिकामी कवचं मात्र रात्री अलगद काढून घ्या. अर्धं कवच शेजारच्या अंड्यावर टोपीसारखं बसतं आणि आतलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. मुंग्याही त्याच कवचांना लागतात.

काही घरांत अठराव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडून बघतात, जिवंत पिल्लाचं अंडं पाण्यात डुलतं. मी ते करत नाही. तडा असला तर पाणी आत जातं, आणि बॅटरीने तेच कळतं.

पिल्लं निघाल्यावर

पोटात ओढलेला बलक पिल्लाला दोन दिवस पुरतो, त्यामुळे पहिल्या दिवशी खायला घालायची घाई नाही. ती स्वतःहून पिल्लं घेऊन उतरेपर्यंत थांबा. तेविसाव्या दिवसापर्यंत उरलेली अंडी राहू द्या, मग काढा.

पाणी उथळ बशीत द्या आणि बशीत स्वच्छ खडे टाका. एवढीशी पिल्लं दोन बोटं पाण्यात बुडून मरतात. खायला तांदळाची बारीक कणी, भरडलेला मका, नाचणी. परवडत असेल तर पहिले चार आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, द्याच, वाढीत फरक स्पष्ट दिसतो. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. बुरशी लागलेला मका किंवा पेंड तर कोणालाच नको. वाळवी फुकटचं पौष्टिक खाणं आहे: जुन्या मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरून ते वारुळाजवळ पालथं घाला, दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं वाळवीने भरलेलं असतं. थोडी थोडीच घाला.

पहिले पंधरा दिवस दिवसाही डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. घार, कावळा आणि भारद्वाज पिल्लं उचलतात. रात्री कोरड्या तुसावर, आईसकट. ओल सगळ्यात वाईट. पावसाळ्यात ओल्या जागेतल्या पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि एका आठवड्यात टोपली रिकामी होते. म्हणूनच मी मुख्यतः दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बसवते आणि जून ते सप्टेंबर कोणालाच बसवत नाही.

लसीकरण टाळू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात शिरली की खुराडंच्या खुराडं रिकामं करते आणि तिच्यावर उपचार नाही. पहिली लस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, पुढे देवीची, आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आरटूबी. नेमकं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्कं करून घ्या. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, म्हणून आम्ही वाडीतली चार-पाच घरं एकच दिवस ठरवतो. बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची, मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवायची, उरलेली ठेवायची नाही.

न फुटलेली अंडी फोडून बघा

हे कोणी करत नाही, आणि पुढच्या खेपेसाठी सगळ्यात जास्त इथेच कळतं. उरलेली अंडी घरापासून लांब नेऊन, नाकाला फडकं बांधून फोडा आणि मग पुरा. बहुतेक अंडी स्वच्छ, पिवळी असतील तर कोंबडा म्हातारा झाला आहे किंवा कोंबड्या जास्त आहेत. नखाएवढं पिल्लू किंवा रक्ताचं कडं असेल तर साठवण चुकली, अंडी जुनी होती किंवा जागा गरम. पूर्ण वाढलेलं पिल्लू चीर न पाडता मेलेलं असेल तर कोंबडी शेवटच्या आठवड्यात जास्त वेळ उठली, बहुधा पिसवांमुळे. चीर पाडून अडकलेलं आणि पापुद्रा सुकलेला असेल तर हवा कोरडी होती. जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा.

जिला बसवायचं नाही तिचं काय?

पाऊस तोंडावर असेल किंवा अंडी नसतील, तर खुडूक कोंबडीला मोडावं लागतं, म्हणजे तिचा खुडूकपणा घालवावा लागतो. तिला तारेच्या तळाच्या मोकळ्या पिंजऱ्यात, उजेडात, जमिनीपासून वर ठेवा, खाणं-पाणी पूर्ण द्या. पोटाला खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत उतरते. नाकातून पीस आरपार घालायची जी जुनी रीत आहे ती कृपा करून सोडा. जखम चिघळते, कोंबडी तळमळते, आणि पिंजऱ्याने तेच काम होतं.

जी बसली ती, पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची झाली की, त्यांना स्वतःच चोच मारून दूर करते आणि पुन्हा कोंबड्याजवळ जाऊ लागते. त्यानंतर काही दिवसांत अंडी सुरू होतात. टोपलीतला जुना पेंढा मी पिल्लं उतरल्याच्या दिवशीच जाळते, टोपली उन्हात चार दिवस पालथी घालते. खिळा धुऊन पडवीच्या खुंटीवर जातो. तीच कोंबडी त्याच वर्षी पुन्हा खुडूक झाली तर तिला हातात घेऊन छातीचं हाड चाचपते. धारेसारखं लागलं, म्हणजे ती खंगलेली असली, तर त्या खेपेला तिला पिंजऱ्यात ठेवून मोडते आणि अंडी दुसरीला देते.